काढा नव्हे, चहा

१२ ऑक्टोबर

ताई,

सोबत चार पाकिटं आहेत आणि एक कागद. आधी कागदाचं सांगते, कारण पाकिटांचं आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस.

कागद म्हणजे आमच्या नव्या पाकिटावरचा मजकूर. छापखान्यात जायला दहा दिवस आहेत. सख्खी बहीण चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होती आणि माझ्या पाकिटावर चुका निघाल्या, तर लोक मला नाही, तुला हसतील. तेव्हा लाल पेन काढ. खाली बारीक अक्षरांत वनस्पतींची शास्त्रीय नावं आहेत, ती तर मी देवाचं नाव घेऊन उतरवली आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता पाकिटं. चारही पाकिटांत एकच मिश्रण: आलं, पुदिना, लिंबाची साल, ज्येष्ठमध आणि पिवळफूल. पिवळफूल हे आमचं नाव. आमच्या मागच्या उतारावर उगवतं, पाच पाकळ्यांचं. कळी चुरगळली की बोटं लाल होतात. थंडीत मनाला मरगळ येते ना, त्यावर ते चांगलं असं आमच्या शेडमधल्या बायका सांगतात. मी स्वतः रोज दोन कप पिते.

काढा म्हटलं की तू नाक मुरडतेस हे मला पाठ आहे. म्हणून ऐक, हा काढा नाही. चहा आहे. पाकिटावरही मी तेच छापते आहे: 'प्रतिकारशक्ती वाढवणारा चहा'. उकळायचा नाही, नुसतं गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकायचं.

यंदा तापाची साथ जोरात आहे म्हणतात. अकरा वर्षं झाली माझी किडनी तुझ्याकडे नांदायला गेली त्याला. ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांनी बजावलं होतं ना, यांची प्रतिकारशक्ती आता कायम कमी राहणार म्हणून? ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जे कमी आहे ते भरून काढायला नको का? मला दुसरं काही करता येत नाही, हे करता येतं.

पिशील ना?

भिंगरी

*

१९ ऑक्टोबर

भिंगरी,

कागद परत पाठवते आहे. एकंदर तेवीस चुका. तू कॉलेजात गेली होतीस असं मला सांगण्यात आलं होतं.

'शक्ति' नव्हे, 'शक्ती'. 'नैसर्गीक' नव्हे, 'नैसर्गिक'. 'जेष्ठमध' नव्हे, 'ज्येष्ठमध'. 'शंभर टक्के पूर्णपणे शुद्ध' यातलं 'पूर्णपणे' कापलं, शंभराच्या वर टक्के नसतात. उद्गारचिन्हं सात होती. एकही ठेवलेलं नाही, माल विकायचा आहे, आरोळी ठोकायची नाही. शास्त्रीय नावं कोश उघडून अक्षर न् अक्षर जुळवली. पाचव्या नावात एक अक्षर गाळलं होतंस आणि दोन जागा बदलून बसली होती. दुरुस्त केली.

मजकूर कसा वाटला म्हणून विचारू नकोस. तो मी वाचलेला नाही. प्रूफ वाचताना अर्थ वाचायचा नसतो, अर्थात गुंतलं की अक्षर निसटतं. आमच्या हेडनी पहिल्या दिवशी शिकवलेलं हे एकच वाक्य, आणि त्यावर माझी चाळीस वर्षं निघाली.

चहा प्यायले. पिण्यालायक आहे. काढा असता तर मोरीत ओतला असता. साधा चहा मला तसाही दिवसाला एकच कप सोसतो, तेव्हा चार वाजता हा घेत जाईन.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू रडतेस आणि तिसरं वाक्य मला बोलताच येत नाही. पत्रात निदान पूर्ण करता येतं.

ताई

*

९ नोव्हेंबर

ताई,

छापून आलं! (हे उद्गारचिन्ह माझं खाजगी आहे, कापायचं नाही.)

पाकीट बघून आमचे हे म्हणाले, "तुझ्या ताईने हात लावला की वस्तू शहाणी दिसायला लागते." सोबत एक पाकीट ठेवलं आहे, नुसतं बघायला, आणि प्यायला आठ. साथीमुळे मागणी एवढी आहे की शेडमधल्या चौघी जेवायला उठत नाहीत. मी ओरडते तेव्हा उठतात. त्यातली जी सगळ्यांत मोठी आहे, जिला आम्ही मुकादमीण म्हणतो, ती परवा म्हणाली, "तुमची ताई पिते ना? मग झालं. ती चुकीचं काही पोटात जाऊ देणार नाही." त्या चौघींनी तुला पाहिलेलं नाही, पण माझ्या तोंडून इतकं ऐकलं आहे की घाबरून आहेत.

एका कपाने काही होत नाही. दोन घे. सकाळी गोळीनंतर एक, चारला एक. घेतेस का ते लिही.

भिंगरी

*

६ डिसेंबर

भिंगरी,

दोन घेते आहे. आता माझं ऐक, कारण मी रागात आहे आणि राग कुठेतरी मांडून ठेवावा लागतो.

तीन महिन्यांची रक्ततपासणी झाली. गोळीची रक्तातली पातळी सातच्या आसपास असते, ती तीनवर आली आहे. मूत्रपिंडाचा आकडा वाढता कामा नये, तो एक पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक सहावर गेला आहे. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, म्हणजे मुलगा असता तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मॅडम, कधी कधी एखादी गोळी राहून जाते, माणूस आहोत आपण."

मी म्हटलं, "माणूस तुम्ही असाल. मी अकरा वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही."

घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सकाळी आठ, रात्री आठ, दोन्ही गजर लावलेले दाखवले. त्यांनी मान डोलावली. ती मान मला ओळखीची आहे. छापखान्यात लेखक "मी असं लिहिलंच नव्हतं" म्हणायचे तेव्हा मी तशीच मान डोलवायची.

मग नर्सने फॉर्म भरून घेतला. दुसरी काही औषधं? नाही. काढे, मुळ्या, चूर्णं, भस्मं? नाही. 'कधीही नाही' असं लिहून खाली रेघ मारली. गोळी वाढवून दिली आहे, दहा दिवसांनी पुन्हा रक्त.

थकवा आहे. जिने चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. तुला सांगणार नव्हते, पण राग लिहायला बसले की बाकीचंही उतरतं.

ताई

*

१२ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. रागावणार नसशील तर विचारते, आणि रागावणार असशील तरी विचारते. गोळ्या खरंच घेतेस ना? गजर वाजतो, तू तो बंद करतेस, हातात कुणाची तरी प्रुफं असतात. तुझं वय सदुसष्ट आहे. मी बावन्न वर्षांची आहे आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.

मला फक्त एवढंच वाटतं की अंगात जोर नसला की गोळीही लागू पडत नसेल. थकवा आहे म्हणतेस, म्हणजे शक्ती कमी पडते आहे हे सरळच आहे. म्हणून तुझ्यासाठी वेगळी पाकिटं बांधली आहेत. आलं कमी, पिवळफूल दुप्पट. तीन कप घे. माझ्यासाठी घे.

मी येऊ का? इथे काम आहे, पण कामाचं काय, काम पळून जात नाही.

भिंगरी

*

३ जानेवारी

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. नऊ दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहे, बरी आहे. गोळीची कंपनी बदलली होती म्हणे, त्यामुळे पातळी उतरली. आता जुनीच सुरू केली आहे.

चहा पाठवू नकोस. डबा भरलेला आहे.

येऊही नकोस. साथ आहे.

ताई

*

८ जानेवारी

ताई,

'म्हणे'?

चाळीस वर्षांत तू दुसऱ्यांच्या लिखाणातले किती 'म्हणे' कापले असशील! कोण म्हणे, कुठे म्हणे, पुरावा काय, असं समासात लिहायचीस. मला शाळेत निबंधात एक 'म्हणे' आला म्हणून पान फाडायला लावलं होतंस. आणि आज स्वतःच्या पत्रात 'म्हणे' लिहितेस. तेव्हाच मला कळलं की तू थाप मारते आहेस. तुला ती मारता येत नाही, कधीच येत नव्हती.

मी दवाखान्यात फोन केला. वॉर्डच्या नर्सने आधी काही सांगितलं नाही. मी म्हटलं, "अहो, मी त्यांना किडनी दिलेली बहीण." त्यावर ती म्हणाली, "मग त्यांनाच विचारा चहाचं."

चहाचं काय, ताई?

शेडमध्ये चाळीस पोती भरून ठेवली आहेत, उद्या गाडी निघायची आहे. मी गाडी थांबवली आहे. आमचे हे विचारत आहेत का थांबवली, आणि मला सांगता येत नाही. तू सांग. सगळं सांग. मी रडले तर इथे रडेन, तुला ऐकू येणार नाही.

भिंगरी

*

१३ जानेवारी

भिंगरी,

गाडी थांबवलीस ते योग्य केलंस. आता सांगते.

डिसेंबरात दुसऱ्यांदा रक्त दिलं. गोळी वाढवूनही पातळी आणखी उतरली होती आणि मूत्रपिंडाचा आकडा दोनवर गेला होता. दाखल करून घेतलं. सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. माझं शरीर त्यावर उठलं होतं. अकरा वर्षं गप्प होतं, आता उठलं. तीन दिवस सलाइनमधून जोरकस औषध दिलं. ते सगळं करत असताना प्रत्येक जण माझ्याकडे गोळ्या चुकवणारी म्हातारी म्हणून बघत होता. मला वाटतं, त्या वेळी मला मूत्रपिंडापेक्षा त्याचंच जास्त लागलं. ही माझी अक्कल.

चौथ्या दिवशी औषधांच्या खिडकीवर बसते ती बाई पलंगापाशी आली. तिशीतली असेल, हातात वही.

"आजी, गोळी कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर. आणि आजी म्हणू नका, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

"बरं, मावशी. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा. औषध नको, नुसतं खाणंपिणं."

मी सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि तीन वेळा चहा."

"दुधाचा?"

"बहिणीचा."

"बहिणीचा म्हणजे कसा?"

पिशवीत तुझं पाकीट होतं. तू 'नुसतं बघायला' पाठवलेलं, तेच. तिने ते उलटं केलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. पाचव्या नावावर तिचं बोट थांबलं.

"मावशी, हा चहा नाही."

"चहाच आहे. वर लिहिलंय. मी स्वतः तपासलंय."

"यात चहाची एक पत्तीसुद्धा नाही हो."

ते पिवळं फूल पोटात गेलं की गोळी रक्तात टिकत नाही. शरीर तिचा निकाल लावून मोकळं होतं. हे औषधांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच नव्हे, रक्त पातळ करणाऱ्या, हृदयाच्या, मनाच्या आजाराच्या कितीतरी गोळ्यांचं ते असंच वाटोळं करतं. आलं-पुदिन्याने घसा शेकतो, बरं वाटतं, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण शक्ती वाढते म्हणतेस त्यावर तिने विचारलं, "किती वाढते? कुणी मोजली?" ज्येष्ठमधही रक्तदाबवाल्यांनी जपूनच घ्यायचा असतो, हे तिने जाता जाता सांगितलं.

आता ती तुझी शक्ती. तुझ्या डोक्यात अकरा वर्षं जे वाक्य बसलं आहे ते माझ्याही डोक्यात होतं, आणि दोघींनी ते अर्धंच ऐकलं होतं. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे, हे खरं. पण ती आजाराने कमी झालेली नाही. ती मुद्दाम कमी ठेवली आहे. शरीराला परकं काही सापडलं की ते त्याच्यावर धावून जातं, त्यालाच प्रतिकारशक्ती म्हणतात. माझ्या अंगात परकं काय आहे? तुझं मूत्रपिंड. गोळ्या म्हणजे माझ्या अंगातल्या पहारेकऱ्याला झोपवून ठेवण्याची व्यवस्था. तू त्याला उठवायला माझ्याकडे फूल पाठवत होतीस आणि मी ते झाकण ठेवून पाच मिनिटं मुरवून पीत होते.

तू रडत असशील तर थांब, कारण माझा भाग अजून राहिला आहे.

तुला शास्त्रीय नावातलं काही कळत नव्हतं, तसं तू लिहिलंही होतंस. मला कळायला हवं होतं. ऑक्टोबरात मी कोश उघडला. ते पाचवं नाव शोधलं. गाळलेलं अक्षर भरलं, हललेली दोन जागेवर बसवली. त्या नावाखाली कोशात सहा ओळी होत्या, भिंगरी. मी नाव जुळवलं आणि कोश मिटला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलं काम ते केलं, सहा ओळी वाचल्या. चौथ्या ओळीत सगळं होतं.

आणि तो फॉर्म. काढा? नाही. मी खोटं बोलले नाही, कारण पाकिटावर चहा होता. काढा लिहिलं असतंस तर मी प्यायलेच नसते. नाव तू बदललंस, ते शुद्ध आहे असा शिक्का मी मारला.

कंपनी बदलल्याची थाप का मारली? तू मूत्रपिंड दिलंस तेव्हा मी तुला काही देऊ शकले नाही. एक थाप द्यावी असं वाटलं. तीही धड जमली नाही.

आकडा आता एक पूर्णांक पाचवर थांबला आहे. एक पूर्णांक दोनवर परत यायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. थोडं गेलं ते गेलं. उरलेलं चालेल, बरीच वर्षं चालेल. चहा सुटला की पातळी उलट चढते, म्हणून दर आठवड्याला रक्त देते आहे. डॉक्टरांनी माझी माफी मागितली. मीही त्यांची मागितली, फॉर्मवर रेघ मारल्याबद्दल.

आता काम. एक, तो मजकूर रद्द. दोन, जी पाकिटं गेली आहेत ती परत मागव. तीन, पिवळफूल यापुढे शेडमध्ये दिसता कामा नये. तुझं नुकसान होईल. होऊ दे.

आणि तू येतेस म्हणत होतीस. तर ऐक. साथीच्या तापाची लस मीही घेतली आहे, पण माझ्या अंगात ती जेमतेम अर्धी लागू पडते. ज्याला झोपवून ठेवलंय त्याला शिकवणार किती? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्या अंगात ठेवायची सोय नाही, ती माझ्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगात असायला हवी. दूधवाल्याने घेतली. खालच्या मजल्यावरच्यांनी घेतली. तू घेतलेली नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण तुला सुईची भीती वाटते आणि तू दोन कप पीत होतीस.

घेतलीस तर चौदा दिवसांनी ये. नाही घेतलीस तर पत्र लिही. दोन्हींत मी रागावणार नाही.

ताई

*

२१ जानेवारी

ताई,

दोन दिवस पेन धरवेना. शेडच्या मागे उतारावर जाऊन बसले होते. आमचे हे तिथे आले, शेजारी बसले. मग म्हणाले, "पोती फोडू या का?" आम्ही दोघांनी चाळीसच्या चाळीस फोडली. चौघी मदतीला आल्या. संध्याकाळी मुकादमीण म्हणाली, "माझ्या नणंदेला हृदयाच्या गोळ्या आहेत. तिला मी सहा पाकिटं दिलीत." आणि तशीच चप्पल घालून नणंदेकडे निघाली. पाकिटं परत घेऊन आली. दोन संपली होती. नणंदेला उद्या डॉक्टरांकडे नेणार आहे.

एकोणतीस दुकानांना फोन केले. सत्तावीस जणांनी माल बाजूला काढला. दोघं म्हणाले, बाई, खप जोरात आहे, कशाला? त्या दोघांकडे हे स्वतः गाडी घेऊन गेले. गिऱ्हाईकांपर्यंत पोचलेलं सगळं परत येणार नाही. दुकानांत चिठ्ठ्या लावायला दिल्या आहेत. चिठ्ठीत चुका असतील, तुला दाखवायला थांबले नाही.

सहा ओळी तू वाचल्या नाहीस म्हणतेस. ताई, मी ते फूल सोळा वर्षं सुकवते आहे आणि मला एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. उगवतं म्हणजे चांगलंच असणार, एवढ्यावर मी धंदा केला. त्यात तुझ्या चुका शोधू नकोस. त्या माझ्या आहेत, मला ठेवू दे.

'थोडं गेलं ते गेलं' यापाशी मी अडकले होते. मग मनाशी म्हटलं, दिलेली वस्तू मोजत बसायची नसते. पण उरलेली जपायची असते, तेवढं करते.

काल लस घ्यायला गेले. किडनी काढली तेव्हा मी बेशुद्ध होते, त्यामुळे ते धाडस धरायचं नाही. काल मात्र शुद्धीत होते आणि रांगेतून दोनदा बाहेर पडले. दोन्ही वेळा मुकादमिणीने दंड धरून आत ओढलं. "किडनी देऊन बसलात आणि सुईला घाबरता?" असं सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली. रांग हसली. मीही हसले आणि तेवढ्यात टोचून झालं.

चौघीही आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. टेबलावरची नर्स प्रत्येकीचं लिहून घेत होती. घरात कुणी आजारी आहे का, म्हातारं आहे का, कुणासाठी घेताय, असं विचारत होती. मी सांगितलं, "माझ्या ताईसाठी." मुकादमिणीचा नंबर आला. तिची स्वतःची नणंद आजारी आहे, घरी नातू आहे. ती म्हणाली, "हिच्या ताईसाठी." तिच्या मागची म्हणाली, "मीही तिच्यासाठीच." उरलेल्या दोघींनी नुसती माझ्याकडे मान केली.

नर्सने पेन खाली ठेवून विचारलं, "ही ताई आहे तरी कोण?"

तीन फेब्रुवारीला चौदा दिवस भरतात. चारला सकाळी येते.

भिंगरी